नाडीचा न जुळणारा ताळा

तालुक्याच्या बाजारपेठेत दोन पिढ्यांपासून धान्याची अडत चालविणारे एक घर डोळ्यांसमोर आणावे. घरातील कर्ते गृहस्थ अडुसष्ट वर्षांचे. रक्तदाबाची गोळी दहा वर्षांपासून चालू, मधुमेह त्यानंतर जडलेला. परंतु एकंदर प्रकृती ठणठणीत. पहाटे सामायिक, नवकारसीनंतर दूध, साडेनऊला दुकान आणि सूर्यास्तापूर्वी भोजन हा वर्षानुवर्षांचा क्रम. एके दिवशी संघाच्या वतीने स्थानकाच्या सभागृहात आरोग्य तपासणी शिबिर भरते. गृहस्थ रांगेत बसून रक्तदाब मोजून घेतात, तेव्हा यंत्राच्या पडद्यावर आकड्यांच्या शेजारी हृदयाचे एक लहानसे चिन्ह लुकलुकू लागते. तरुण डॉक्टर त्यांचे मनगट हाती घेऊन घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट नाडी मोजतात आणि ईसीजी काढावयास सांगतात. ईसीजीच्या पट्टीवरून निदान होते : एट्रियल फिब्रिलेशन.

‘‘पण डॉक्टरसाहेब, मला त्रास तर काहीच नाही,’’ असे गृहस्थ म्हणतात. ते खोटे बोलत नसतात. काहींना या विकारात छातीत धडधडते, दम लागतो, चक्कर येते वा विनाकारण थकवा जाणवतो. पण कित्येकांना काहीही जाणवत नाही. पहिली सूचना मिळते ती थेट पक्षाघाताच्या रूपाने.

हृदयात चार कप्पे असतात. वरचे दोन अलिंद, खालचे दोन निलय. उजव्या अलिंदातील एका छोट्याशा केंद्रातून विद्युत्-संदेश निघतो, वरचे कप्पे आकुंचन पावतात आणि क्षणार्धाने खालचे. दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा हा व्यवहार बिनबोभाट पार पडतो. धान्याच्या बाजारात मापाडी ‘लाभ, दोन, तीन’ म्हणत एका लयीत मापे घालतो, तशी निरोगी माणसाची नाडी चालते. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये अलिंदांतील ही शिस्त मोडते. मिनिटाला साडेतीनशेहून अधिक, कधी सहाशेपर्यंत विस्कळीत संदेश उठतात आणि अलिंद आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरत राहतात. सुदैवाने मधले द्वार हे सगळेच संदेश खाली जाऊ देत नाही. जे जातात ते मात्र कोणत्याही हिशेबाविना जातात. म्हणून मनगटावर बोटे ठेवली की दोन ठोके जवळजवळ, मग लांबण, मग एक जोराचा, एक हलका, अशी ताळा न जुळणारी नाडी लागते. अधूनमधून एखादा ठोका चुकणे वेगळे. ते बहुधा निरुपद्रवी असते. येथे चुकण्यालाही नियम नसतो.

शतकाहून अधिक काळापूर्वी या विकाराची पहिली विद्युत्-नोंद झाली. हॉलंडमधील विलेम आइंटहोव्हेन यांनी 1906 मध्ये आपल्या यंत्रावर अशा नाडीचा आलेख प्रसिद्ध केला, आणि लंडनच्या थॉमस लुईस यांनी 1909 मध्ये या अनियमिततेचे मूळ अलिंदांच्या थरथरण्यात असल्याचे दाखवून दिले. तथापि हृदयाच्या या बिघाडाचे खरे बिल मेंदूच्या नावावर फाटते, हे पुढे कितीतरी दशके पुरेसे ध्यानात आले नाही.

डाव्या अलिंदाला कानाच्या पाळीसारखी एक लहान पिशवी चिकटलेली असते. अलिंद नीट आकुंचन पावत असेल तोवर तिच्यातील रक्त खेळते राहते. थरथर सुरू झाली की तेथे रक्त साचते, आणि साचलेले रक्त गोठते. झडपांचा आजार नसलेल्या रुग्णांत डाव्या अलिंदातील दहांपैकी सुमारे नऊ गुठळ्या याच पिशवीत आढळतात. अशी एखादी गुठळी सुटली की ती डाव्या निलयातून महारोहिणीत येते आणि तेथून वर जाणाऱ्या रक्तवाहिनीने मेंदूत पोहोचते. मेंदूतच हळूहळू अरुंद होत गेलेल्या वाहिनीतला अडथळा निराळा. हृदयातून आलेली ही गुठळी आकाराने मोठी असते आणि एखादी मोठी वाहिनी अकस्मात बंद करते. त्यामुळे या विकारातून उद्भवणारा पक्षाघात सामान्यतः अधिक तीव्र असतो. मृत्यूचे प्रमाण अधिक, आणि वाचलेल्यांत कायमचे अपंगत्वही अधिक.

हे सर्व आकड्यांत मांडले ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रेमिंगहॅम या गावाने. 1948 साली तेथील 5,209 स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि दर दोन वर्षांनी त्यांना पुन्हा बोलावले जाऊ लागले. कोणी काय खाल्ले, कोणाचा रक्तदाब किती, कोण कशाने गेले, याची नोंद दशकानुदशके ठेवण्यात आली. पिढीजात खातेवही सांभाळणाऱ्यांना या कामाचे मोल वेगळे सांगावयास नको. चौतीस वर्षांच्या नोंदींवर आधारलेला निष्कर्ष 1991 मध्ये प्रसिद्ध झाला : एट्रियल फिब्रिलेशन असलेल्या माणसास पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. पन्नास ते एकोणसाठ या वयोगटातील पक्षाघातांपैकी शेकडा दीडच या विकारामुळे होत होते. ऐंशी ते एकोणनव्वद या गटात ते प्रमाण शेकडा साडेतेवीसवर गेले होते. उच्च रक्तदाबादी इतर कारणांचा प्रभाव उतारवयात कमी होत जातो, याचा मात्र होत नाही, हे त्या अभ्यासाचे विशेष सांगणे होते. संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसलेली असेल, तर धोका कितीतरी पटींनी अधिक वाढतो. आपल्या देशात असे रुग्ण आजही पुष्कळ आहेत आणि ते वयाने तरुण असतात.

आता पुन्हा अडतीच्या दुकानाकडे वळावे. पाचपट हा शब्द ऐकून घाबरण्याचे कारण नाही. व्यापाऱ्याने विचारावयाचा प्रश्न असा, की पाचपट म्हणजे नेमके किती? त्यासाठी डॉक्टर एक गुणपद्धती वापरतात. बँका कर्जदाराची पत जोखतात त्याच जातीची ती आहे. हृदयाची कमजोरी, उच्च रक्तदाब, मधुमेह, रक्तवाहिन्यांचा विकार यांना प्रत्येकी एक गुण. पासष्ट ते चौऱ्याहत्तर वयास एक, पंचाहत्तरीनंतर दोन. आणि पूर्वी पक्षाघात होऊन गेला असल्यास दोन. स्त्रियांना यापूर्वी एक गुण अधिक धरीत; 2024 च्या युरोपीय मार्गदर्शिकेने तो वगळला आहे. आपल्या गृहस्थांचे गुण होतात तीन : रक्तदाब, मधुमेह आणि वय. औषध न घेणाऱ्या अशा रुग्णांत वर्षाला शंभरांमागे सुमारे तिघांना पक्षाघात होतो, असे ही पद्धत मांडणाऱ्या 2010 च्या युरोपीय अभ्यासातील नोंदी सांगतात. शेकडा तीन हा दर कोणासही किरकोळ वाटेल. परंतु दरसाल शेकडा तीन बुडीत जाणारे खाते दहा वर्षे तसेच ठेवले तर चारांत एक बुडते. आणि माणसाचे वय वाढते, म्हणजे दरही तेथेच थांबत नाही. गोठणप्रक्रिया मंदावणाऱ्या औषधाने हाच धोका सुमारे दोन-तृतीयांशाने घटतो.

या औषधांना बोलीभाषेत ‘रक्त पातळ करण्याच्या गोळ्या’ म्हणतात. नाव सोयीचे असले तरी दिशाभूल करणारे आहे. रक्त पातळ होत नाही, ते गोठावयास अधिक वेळ लागतो, एवढेच. या नावामुळेच आणखी एक घोटाळा होतो. पुष्कळ घरांत वडीलधारी मंडळी अॅस्पिरिनची लहान गोळी घेत असतात आणि ‘रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहेच’ असे समजून निर्धास्त राहतात. हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या विकारात अॅस्पिरिनला स्थान आहे. येथे ते अपुरे पडते. 2007 मध्ये इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी पंचाहत्तरीपुढील 973 रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अॅस्पिरिनच्या तुलनेत वॉरफरिन घेणाऱ्यांत पक्षाघात निम्म्याहून कमी झाले, आणि गंभीर रक्तस्राव मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच आढळला. ‘आता या वयात कशाला जोराचे औषध’ ही घरोघरची माया या आकड्यांपुढे टिकत नाही.

वॉरफरिनची कथा मोठी विलक्षण आहे. 1920 च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशांत गुरे अंतर्गत रक्तस्रावाने मरू लागली. ओलाव्याने बुरसलेला स्वीट क्लोव्हर हा चारा त्यास कारणीभूत असल्याचे कॅनडातील एका पशुवैद्याने ओळखले. 1933 च्या फेब्रुवारीत विस्कॉन्सिनमधील एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड, चारा आणि न गोठलेल्या रक्ताने भरलेला दुधाचा कॅन घेऊन मॅडिसनला पोहोचला. सरकारी कचेरी बंद होती. उघडे दार मिळाले ते कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेचे. लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा वर्षे खपून चाऱ्यातील तो घटक वेगळा केला. त्यावरूनच पुढे वॉरफरिन तयार झाले. 1948 मध्ये ते प्रथम बाजारात आले ते उंदीर मारण्यासाठी, ही गोष्ट जीवदया मानणाऱ्या वाचकास खटकल्याखेरीज राहणार नाही. 1954 पासून माणसांवरील उपचारात त्याचा वापर सुरू झाला, आणि तेव्हापासून त्याने असंख्य जीव वाचविले आहेत.

वॉरफरिन जीवनसत्त्व के च्या कार्यात आडकाठी करून काम करते. हे जीवनसत्त्व पालक, मेथी, कोथिंबीर अशा हिरव्या पालेभाज्यांत विपुल असते. म्हणून या औषधाची मात्रा रक्ताच्या आयएनआर नावाच्या तपासणीवर ठरते. बहुतेकांत तो आकडा दोन ते तीनच्या दरम्यान असावा लागतो. दोनच्या खाली गेला तर गुठळीची भीती, तीनच्या बरेच वर गेला तर रक्तस्रावाची. हा मुद्दा जैन घरांना इतरांहून अधिक जवळचा आहे. चातुर्मासात पालेभाज्या बंद होतात, पर्युषणात तर हिरवी भाजी मुळीच नसते. औषधाची मात्रा तीच आणि ताटातली हिरवी भाजी नाहीशी, तर आयएनआर चढू शकतो. हिरड्यांतून रक्त येणे, लघवीला लाल होणे, काळे शौच होणे ही त्याची लक्षणे. चातुर्मास संपून मेथी-पालक पुन्हा ताटात आले की आकडा उलट दिशेला घसरू शकतो. पालेभाजी वाईट नाही, तिचा त्यागही वाईट नाही. अडचण होते ती अचानक बदलाची. वॉरफरिन घेणाऱ्याने चातुर्मास बसण्यापूर्वी डॉक्टरांना हे सांगून ठेवावे, म्हणजे तपासणी लवकर करून मात्रा बसविता येते. बहुसंख्य डॉक्टर आपणहून हा प्रश्न विचारीत नाहीत. त्यांना चातुर्मास ठाऊक असेलच असे नाही.

2009 पासून पुढे आलेली डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अॅपिक्साबान ही नवी औषधे या कटकटीतून बऱ्याच अंशी सोडवितात. त्यांना नियमित आयएनआर लागत नाही, पालेभाजीचा हिशेब ठेवावा लागत नाही, आणि वॉरफरिनच्या तुलनेत मेंदूत रक्तस्राव होण्याचे प्रमाणही कमी असते. मात्र धातूची कृत्रिम झडप बसविलेल्यांना, किंवा संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप बऱ्यापैकी आकसलेल्यांना ती चालत नाहीत. तेथे वॉरफरिनच्या गटातील जुनी औषधेच घ्यावी लागतात. शेजाऱ्याची गोळी पाहून आपली बदलून मागणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. मूत्रपिंडाचे कार्य पाहूनच यांची मात्रा ठरते, त्यामुळे ती तपासणी अधूनमधून करावीच लागते.

नव्या औषधांचा एक गुण हाच त्यांचा अवगुणही आहे. वॉरफरिनचा परिणाम थांबविल्यानंतरही काही दिवस रेंगाळतो. यांचा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. एक दिवस गोळी चुकली तर एक दिवसाचे संरक्षण गेले. आणि येथेच तपश्चर्येचा प्रश्न येतो. रिव्हारोक्साबानची या विकारातील गोळी अन्नासोबत घ्यावयाची असते. रिकाम्या पोटी ती पुरती शोषली जात नाही. एकासणे करणाऱ्यास ती त्या एका भोजनाबरोबर घेता येते, पण सलग उपवासात तिचा पुरता लाभ होत नाही. अॅपिक्साबान दिवसातून दोनदा, पण अन्नासोबतच हवे असे नाही. चौविहार पाळणाऱ्यास नवकारसीनंतर आणि सूर्यास्तापूर्वी असे वेळापत्रक बसते का, हे डॉक्टरांशी बोलून ठरविता येईल. पच्चक्खाणात आगार असतात, आणि त्यांविषयी महाराजसाहेबांना आधी विचारणे हा कमीपणा नव्हे. उपवासात शरीरातील पाणी आणि क्षार कमी होतात, त्यानेही नाडीची लय बिघडू शकते. म्हणून या विकाराच्या रुग्णाने अठाईचा संकल्प डॉक्टरांच्या कानावर न घालता करू नये.

आपल्या अडत व्यापाऱ्यांनी तो तसाच केला, असे समजावे. आठ दिवस उकळलेले पाणी, बाकी सर्व बंद. त्यात गोळ्याही बंद. आठ दिवसांत काहीच झाले नाही. बहुतेकांना काहीच होत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. पारणे झाले, सगळ्यांनी साता विचारली, अंग हलके वाटू लागले. रक्तदाबाची गोळी पुन्हा सुरू झाली, कारण तिचा आकडा यंत्रावर दिसतो. साखरेची सुरू झाली, कारण तिचाही दिसतो. तिसरी गोळी दुकानाच्या गल्ल्याशेजारच्या खणात राहून गेली. ती घेतल्याने काही बरे वाटत नव्हते, सोडल्याने काही वाईट वाटले नाही, आणि तिघांत महाग तीच होती. ज्या खर्चाची आवक दिसत नाही तो खर्च चांगला व्यापारी प्रथम कापतो. विम्याचा हप्ता मात्र तो कधी चुकवीत नाही, गोदामाला एकदाही आग लागली नसली तरी.

असाच दुसरा एक भ्रम ‘ठोके आता सरळ झाले’ हा होय. काही रुग्णांत औषधांनी, विजेच्या झटक्याने किंवा अॅब्लेशन या प्रक्रियेने नाडीची लय पूर्ववत करता येते. मग गोठणरोधक गोळीची गरज उरली नाही, असे रुग्णास वाटते. अमेरिका-कॅनडातील 4,060 रुग्णांच्या एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. लय पूर्ववत ठेवण्याचा प्रयत्न केलेल्या गटातही पक्षाघात होतच राहिले, आणि दोन्ही गटांतील बहुतेक पक्षाघात झाले ते वॉरफरिन थांबविलेल्यांत किंवा ज्यांचा आयएनआर दोनच्या खाली होता त्यांच्यात. अलिंदांचे थरथरणे येते-जाते, पुष्कळदा झोपेतही येते. गोळी चालू ठेवावयाची की नाही हे त्या दिवशीच्या नाडीवर ठरत नाही, वर सांगितलेल्या गुणांवर ठरते.

रक्तस्रावाची भीती निराधार आहे असे नव्हे. ती खरी आहे, आणि तिला वाढविणाऱ्या गोष्टी बहुधा घरातच असतात : गुडघेदुखीसाठी औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या, आटोक्यात न ठेवलेला रक्तदाब, कोणी सांगितले म्हणून सुरू केलेले काढे. दात काढावयाचा झाला तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नये. दोन्ही डॉक्टरांनी मिळून ते ठरवावे. ज्यांना गंभीर रक्तस्रावामुळे ही औषधे मुळीच घेता येत नाहीत, अशा निवडक रुग्णांत अलिंदाची ती पिशवीच आतून बंद करण्याचे उपकरण बसविता येते. शिवाय या विकारामागे थायरॉइडचा अतिरेक, स्थूलता, झोपेत श्वास अडकणे यांपैकी काही आहे का, हेही पाहावे लागते. गादीवर बसून व्यापार करणाऱ्या समाजात वजनाविषयी अधिक काय सांगावे!

नाडी पाहणे घरच्या घरी जमते. अंगठ्याच्या मुळाशी मनगटावर दोन बोटे ठेवून एक मिनिट मोजावे. आकड्यापेक्षा लय महत्त्वाची. लय सतत विस्कळीत वाटली तर ईसीजी काढावा. मनगटावरील स्मार्ट घड्याळेही आता अशी सूचना देतात, परंतु घड्याळाची सूचना म्हणजे निदान नव्हे.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झालेले. सकाळी चहाची बशी गृहस्थांच्या उजव्या हातातून निसटते. तोंडाची एक बाजू ओघळलेली, शब्द अडखळतात. धाकटी सून ते ओळखते आणि कोणाचीही वाट न पाहता गाडी काढावयास लावते. घरातील वडील मंडळी हातपाय चोळून द्यावेत म्हणत असतात. तिचे बरोबर असते. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि सीटी स्कॅन करून मेंदूत रक्तस्राव नाही याची खात्री केल्याशिवाय ते देता येत नाही. मोठी वाहिनी बंद असेल तर नळी घालून गुठळी काढण्याचा मार्ग काही केंद्रांत उपलब्ध असतो. त्याला काही रुग्णांत अधिक अवधी मिळतो.

रुग्णालयात डॉक्टर दोनच प्रश्न घाईने विचारतात. शेवटचे धडधाकट कधी पाहिले? आणि गोठणरोधक गोळीचा शेवटचा डोस कधी घेतला? दुसऱ्या प्रश्नावर मोठा मुलगा क्षणभर घुटमळतो. वडिलांनी गोळी सोडली हे सांगणे त्याला ओशाळवाणे वाटते. ‘नियमित घेतात,’ असे शब्द त्याच्या ओठांवर आलेले असतात. तसे तो म्हणाला असता, तर रक्तस्रावाच्या भीतीने ते इंजेक्शन बहुधा दिलेच गेले नसते. सून मध्येच सांगते, ‘‘पर्युषणापासून बंद आहे, डॉक्टर. पाकीट दुकानाच्या खणात तसेच आहे.’’

डॉक्टर घड्याळाकडे पाहतात. सात वाजून पन्नास मिनिटे. बशी पडली तेव्हा साडेसहा वाजले होते.